जोग्याचा तिसरा हात

फासा टाकण्याआधी तो दोन्ही तळवे उघडून सगळ्यांना दाखवायचा. आधी मला, मग कुलकर्ण्याला, मग रामलखनला, आणि शेवटी मागे वळून भिंतीला. "हात रिकामे हायत, बगून घ्या. मागनं बोलायचं नाय." मग फासा उचलायचा, क्षणभर मुठीत धरायचा आणि चटईवर सोडायचा.

"दीवार को काहे दिखाते हो?" रामलखनने एकदा विचारलं.

"ती पन बसलीय नं आपल्याबरोबर," तो म्हणाला.

त्याचं नाव सांगत नाही. कारखान्यात त्याला सगळे तांडेल म्हणत, कारण त्याचा बाप जवळच्या दांडी गावात खरोखरचा तांडेल होता, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. याने मात्र आयटीआय करून बोट सोडली आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या वर्कशॉपला फिटर म्हणून लागला. मी तिथेच ड्रॉइंग ऑफिसात होतो. मूळचा साताऱ्याकडचा, सालवडला एक खोली घेऊन राहणारा, आणि स्वभावाने नियमाचा किडा. आता वय झाल्यावर हे कबूल करायला हरकत नाही.

ज्याच्या बोटांना डोळे असतात असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पंप चालू असताना तांडेल बेअरिंगवर तळवा टेकायचा, मान कलती करायचा, आणि "आठ दिस जाईल, नववा नाय" एवढं सांगून निघून जायचा. मोठे साहेब कॅलेंडरवर खूण करून ठेवत. मी त्या तळव्याला फारसा मानत नसे. माझा विश्वास कागदावर. आणि नेमका कागदावरच मी एकदा तोंडघशी पडलो. एका शाफ्टच्या मापात दशांशाचं टिंब द्यायचं राहिलं. तांडेल ड्रॉइंग घेऊन वर माझ्या टेबलाशी आला, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाला, "ह्यो शाफ्ट बनवला तर बोईसर टेसनापर्यंत जाईल. टिंब राह्यलं तुझं." मी टिंब दिलं. त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. आमची मैत्री त्या टिंबापासून सुरू झाली.

आता त्या खेळाबद्दल. ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कुलकर्णी आमच्याच कारखान्याच्या लॅबमध्ये होता. त्याचा मेहुणा मालवाहू बोटीवर इंजिनिअर. त्याने कुठल्याशा परदेशी बंदरातून एका खेळाचं पुस्तक आणलं. पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसते नियम. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि पुढे काय होईल याची खात्री नसेल तिथे फासा टाकायचा. मेहुण्याची सुट्टी संपत आली होती, म्हणून ते पुस्तक घेऊन मी पालघरला गेलो आणि झेरॉक्स करायला दिलं. वार शुक्रवार. शुक्रवार म्हणजे आमच्याकडे वीजकपातीचा दिवस, कारखाने बंद, त्यामुळे आमची सुट्टी रविवारी नसून शुक्रवारी. अर्ध्या पुस्तकावर लाईट गेली. दुकानदाराने आणि मी चहा घेतला, लाईट आल्यावर राहिलेलं काम पुरं केलं. पानांचे आकडे खालच्या कडेला होते, ते सगळे झेरॉक्समध्ये कापले गेले. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

दर शुक्रवारी दुपारी आम्ही चौघं माझ्या खोलीवर जमू लागलो. इंग्रजी वाचायचा कंटाळा मला नव्हता, म्हणून गोष्ट सांगणारा मी. कुलकर्णी जादूगार झाला. रामलखन वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होता, त्याने सांगितलं, "हमको तलवार दे दो, बाकी सब तुम लोग देख लो." उरला तांडेल. त्याला यादीतला एक माणूस आवडला, जो हत्यार घेत नाही, नुसत्या हातांनी लढतो. मी शब्दकोश पाहून त्याचं भाषांतर केलं, 'मठवासी साधू'.

"मठात बसून मारामारी कोन करतो?" तांडेल म्हणाला. "जोगी बोल."

तो जोगी झाला. बाकीचे शब्दही आम्ही असेच आपले केले. पात्राचा पेशा म्हणजे 'विद्या', त्यातली प्रगती म्हणजे 'पायरी', आणि एका फेरीत शत्रूवर जितके वार करता येतात ते 'हात'. हा शेवटचा शब्द तांडेलचाच. योद्ध्याला तलवारीचा एक हात. जोग्याची मजा अशी की तो पायऱ्या चढेल तसे त्याचे हात वाढतात. चौथ्या पायरीला दोन, सातव्या पायरीला तीन. तांडेलला ही गोष्ट एवढी पटली की वर्कशॉपमध्ये कोणी घाई केली की तो म्हणायचा, "थांब रं, अजून दोनच हात हायत मला."

पुस्तकात वीस तोंडांचा फासा सांगितला होता. बोईसरच्या बाजारात सहा तोंडांचे फासे मिळत, तेही लुडोच्या डब्यातले. तांडेलने माझ्याकडून आकृती काढून घेतली. वीस त्रिकोण, शेजारच्या दोन तोंडांमधला कोन एकशे अडतीस अंशांहून थोडा जास्त. पत्र्याचं एक माप कापून घेतलं आणि पितळेच्या गोळ्यावर जेवणाच्या सुट्टीत रोज थोडी थोडी कानस चालवायला लागला. सहा आठवडे लागले. आकडे नंबर-पंचाने ठोकले. सहा आणि नऊ यांच्याखाली त्याने न विसरता एकेक टिंब दिलं. "टिंब नसलं तर सहाचा नऊ व्हतो," माझ्याकडे बघत म्हणाला. मी व्हर्नियर कॅलिपर लावून तोंडं मोजली. त्या मोजणीत मला चूक सापडली नाही, आणि खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं.

कानस मारता मारता तो बोलायचा. एकदा त्याने बापाची गोष्ट सांगितली. फिटर म्हणून लागल्यावर पहिल्याच होळीला तो घरी गेला. अंगणात फाटलं जाळं पसरलेलं. हा नेहमीसारखा सुई घेऊन बसला, तर गाठच बसेना. बोटं दोऱ्याला लोखंडासारखी दाबत होती. बाप बराच वेळ बघत राहिला, मग त्याने याच्या हातातली सुई काढून घेतली. "लोखंड धरलंस नं? आता ह्यो हात आमचा नाय." एवढंच बोलला. तांडेल हे हसत सांगत होता, पण कानस थांबली होती.

खेळात त्याचा जोगी सहाव्या पायरीला पोचला. तिसरा हात एकाच पायरीवर येऊन ठेपला. आमच्या गोष्टीतला किल्ला पालघरजवळच्या शिरगावचाच होता, मी फक्त त्याला खाली एक तळघर जोडलं होतं. त्या तळघरात कुलकर्ण्याचा जादूगार दगड होऊन पडला. कारण काही नाही, कुलकर्णी स्वतःच्या लग्नासाठी महिनाभर रजेवर गेला होता. त्याला सोडवायचं तर मंत्र हवा, आणि मंत्र शिकायचा तर जोग्याने दुसरी विद्या घ्यायला हवी.

त्याच सुमारास वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारं नवं मशीन यायचं ठरलं. त्यासाठी एकाला सहा महिने बंगळूरला शिकायला पाठवायचं होतं. डिप्लोमावाले रांगेत असताना साहेबांनी तांडेलचं नाव काढलं. "मशीनला डोकं आहे, पण धातू कळणारा हात माझ्याकडे एकच आहे," असं ते म्हणाले. महिनाभरात कळव, म्हणाले. वर्कशॉपभर चर्चा झाली. तांडेल बेंचवर कानस चालवत राहिला.

त्या शुक्रवारी त्याने मला विचारलं, "जोगी दुसरी विद्या शिकला तर त्याच्या हातांचं काय व्हतं?"

मी पान उघडलं. उजव्या पानाची शेवटची ओळ होती. वाचून मराठीत सांगितली, "दुसरी विद्या घेणाऱ्या जोग्याच्या हातांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

"म्हंजे दोनातला एक हात गेला?"

"एक उरतो. नव्या विद्येत पायऱ्या चढला की वाढतील."

त्या दिवशी त्याने मंत्र शिकायला नकार दिला आणि रामलखनला दगडावर तलवार आपटून बघायला लावली.

पुढच्या शुक्रवारी परत तेच. "सा पायऱ्या चढलेला मानूस. हात जातात कुठं? आंगालाच हायत नं?"

"नियमात तसं बसत नाही," मी म्हणालो. अशा वेळी मला फार बरं वाटायचं. साहेबांपासून हमालापर्यंत ज्याच्या हाताला मान होता, तो माझ्या कागदापुढे अडला होता.

तिसऱ्या शुक्रवारी तो लवकर आला, रामलखन यायच्या आधी. बसला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "परत एकदा वाच. हळू वाच."

मी ओळीखाली बोट धरून हळू वाचली.

"फुडं काय नाय?"

मी पान उलटलं. "पुढे चोराची विद्या सुरू होते."

"बरं," तो म्हणाला. मग आत येऊन चटईवर बसला.

सोमवारी त्याने साहेबांना नाही म्हणून सांगितलं. साहेब चिडले, समजावून पाहिलं, शेवटी एका डिप्लोमावाल्याला पाठवलं. कुलकर्णी रजेवरून परत आला, तेव्हा सगळं ऐकून त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "तुला काय वाटतं, तो जोग्याचं विचारत होता?"

"दुसऱ्या कोणाचं विचारणार?" मी म्हणालो. "खेळ वेगळा, नोकरी वेगळी." हे वाक्य मी त्या काळात बऱ्याच जणांना ऐकवलं. कोणी विचारलेलं नसताना सुद्धा.

मशीन आलं. काचेच्या खोलीत, गार हवेत. ज्या तुकड्याला तांडेलला दोन दिवस लागत तो ते चहा होईपर्यंत काढून देई. तांडेल काचेबाहेर उभा राहून बघायचा. एकदा आत जाऊन तयार तुकड्यावर अंगठा फिरवला. "चांगला हाय. पन ह्याला कोनी केला?" असं विचारलं. डिप्लोमावाला हसला. मी हसलो नाही, ड्रॉइंगची गुंडाळी काखेत मारून वर निघून गेलो. हळूहळू बेंचवरचं काम कमी झालं आणि त्याला स्टोअरमध्ये नट-बोल्ट द्यायला बसवलं. वर्षभराने त्याने राजीनामा दिला आणि दांडीला परत गेला. जाताना फासा माझ्या हातावर ठेवला. "खेळत राहा," म्हणाला. त्याच्यावाचून आम्ही दोनदा बसलो. रामलखनने भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मजा नहीं आ रहा." खेळ तिथेच संपला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी कुलकर्ण्याचा मेहुणा सुट्टीवर आला. त्याचं मूळ पुस्तक कुलकर्ण्याने मला सहज चाळायला दिलं. मी जोग्याचं पान काढलं. ती शेवटची ओळ होती. तिच्या शेवटी पूर्णविराम नव्हता. माझ्या झेरॉक्समध्येही नव्हता. झेरॉक्समध्ये उडाला असेल असं मी धरून चाललो होतो. टिंबं देण्याच्या पगारावर जगणारा मी. पान उलटलं, तर पलीकडे वाक्य पुढे चालू होतं. चोराची विद्या आणखी दोन पानांनंतर सुरू होत होती. लाईट गेली आणि आम्ही चहाला गेलो, तेव्हा ती दोन पानं करायची राहून गेली होती, आणि आकडे कापले गेल्यामुळे ते कधी लक्षातही आलं नाही.

पूर्ण नियम असा होता: दुसरी विद्या घेणाऱ्या जोग्याच्या हातांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून, पण त्या विद्येचं हत्यार त्याच्या हातात असेल तेवढा वेळच. हत्यार खाली ठेवलं, की त्याचे हात पूर्वीइतकेच.

मला लाज वाटली. चुकीची नव्हे, चुका होतात. मला त्या तीन शुक्रवारी बरं वाटलं होतं, त्याची लाज वाटली.

दांडीला जायला मी चार शुक्रवार लावले. शेवटी त्या पानांची झेरॉक्स घडी करून खिशात घातली आणि एसटी पकडली. घर विचारलं तर एका बाईने किनाऱ्याकडे बोट केलं. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या पलीकडे, एका ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत तो जाळं घेऊन बसला होता. शेजारी एक उघडलेलं बोटीचं इंजिन. अंगाने उतरला होता, पण मला पाहताच हात वर केला.

"ड्रॉइंगवाले! टिंब द्यायला आलास का?"

तो थट्टेनेच म्हणाला. मी पान काढलं, सगळं सांगितलं. लाईट, चहा, दोन पानं. मग वाक्य वाचलं, पूर्ण, हळू.

तो ऐकत होता, सुई चालत होती. भराभर, न बघता. वाचून झालं तशी सुई थांबली.

"हत्यार खाली ठेवलं का हात तेवढेच?"

"तेवढेच."

"हे मला ठाव हाय," तो म्हणाला. "हितं आलो तवा पयला म्हयनाभर गाठ बसत नव्हती. बा नव्हता सुई काढून घ्यायला, म्हनून बसून राह्यलो. एक दिस आपसूक बसली. हात गेलेच नव्हते. लोखंड धरलं व्हतं म्हनून दिसत नव्हते." मग इंजिनकडे मान वळवली. "आन आता ह्ये पन येतात माझ्याकडं. सातपाटीपासनं येतात."

मी म्हणालो, "तांडेल, मी नीट वाचलं असतं तर तू बंगळूरला गेला असतास."

त्याने नुकतीच मारलेली गाठ ओढून बघितली. "नाय रं. मी घाबरलो व्हतो. एकदा विद्या बदलली तर बापाचा हात गेला, दुसऱ्यांदा बदलली तर माजा गेला असता. तुजा कागूद मला बरा पडला, कारन सांगायला. तू मनाला लावून घेऊ नको."

त्याने मला असं मोकळं केलं. मी मोकळा झालो नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. घाबरलेला माणूस एकदा विचारतो आणि नाही ऐकून सुटकेचा श्वास टाकतो. तो तीन वेळा विचारायला आला होता. तिसऱ्या वेळी तर उभ्याउभ्या. फुडं काय नाय, असं त्याने विचारलं होतं. ज्याला होकार ऐकायचा असतो तोच असं विचारतो.

"जोग्याचा कागूद हाय का?" त्याने विचारलं.

होता. प्रत्येक पात्राचा एक कागद असे, जोग्याचा मी सोबत आणला होता. त्याने सुई वाळूवर ठेवली. दोन्ही तळवे उघडून मला दाखवले, मग होडीला दाखवले, मग इंजिनला. मी फासा दिला. त्याने टाकला. पितळ वाळूत रुतलं आणि वरच्या तोंडावर आकडा आला, खाली टिंब.

"नऊ का सा?" मी विचारलं.

"टिंब बग की. नऊ." तो खुशीत म्हणाला. "मंत्र शिकला जोगी. आता लिव, हात किती."

जोगी अजून सातव्या पायरीला पोचला नव्हता. नियमाने दोनच हात होत होते. मी खिशातलं पेन काढलं आणि 'हात' या शब्दापुढे लिहिलं, तीन. नियम सोडून मी आयुष्यात लिहिलेली ती पहिली ओळ. त्याने कागद घेऊन वाचला, परत दिला, आणि सुई उचलली.

पुढे मी बोईसर सोडलं. तो गेल्याचं कुलकर्ण्याच्या फोनवरून कळलं, तेही महिन्याने. तापाने गेला. दांडीच्या किनाऱ्यावर उघडलेली दोन इंजिनं तशीच राहिली, असं कुलकर्णी सांगत होता. ती नीट लावणारा माणूस शोधायला त्यांना फार दिवस लागले.

फासा माझ्या टेबलावर असतो. जोग्याचा कागद ड्रॉइंगच्या नळकांड्यात आहे. अधूनमधून तो उघडून बघतो. नाव, पायऱ्या, विद्या दोन, आणि खाली 'हात : तीन'. बाकीच्या सगळ्या ओळींच्या शेवटी मी सवयीने पूर्णविराम दिलेला आहे. या ओळीच्या शेवटी अजून दिलेला नाही